लोखंडी घागरा आणि वॉटसनचं दुकान

युरोपातून मुंबईला येणारं जहाज बंदरात शिरताना खांदेरीचं बेट उजव्या हाताला टाकायचं. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभं राहिलं आणि रात्रीही ही खूण दिसू लागली. थळ, मांडवा, रेवस या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना जहाजाचा धूर दिसला, की मुंबईतल्या साहेबाच्या आधी कळायचं, विलायतेचं टपाल आलं. त्या टपालासोबत लाकडी पेट्या असायच्या. आतून जस्ताच्या किंवा कथलाच्या पत्र्याचं अस्तर, कडांना झाळलेलं, म्हणजे समुद्राची हवा आत शिरू नये. मुंबईच्या कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, दुकानात हा पत्रा कापला जाई आणि आतून बाहेर पडे लंडनचा मोसम: बॉनेट, फिती, लेस, रेशमी कापडाचे तागे, बकरीच्या पिलाच्या कातड्याचे हातमोजे, आणि नवीन घागऱ्यांची चित्रं.

मोसम लंडनचा होता, ही खरी अडचण. पेटी उघडली जाई तेव्हा मुंबईत बहुधा भलताच ऋतू चालू असे.

रेवसहून पाहिलं तर ही सगळी गंमत खाडीपलीकडची. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, अंबा नदीची धरमतर खाडी जिथे मुंबईच्या बंदराला मिळते तिथे हे गाव. तांदूळ, मीठ, नारळ, सुपारी, भाजी आणि मासळी इकडून तिकडे जाई, माणसंही जात. गिरणीत, गोदीत, साहेबाच्या बंगल्यात. बोटी धरमतर खाडीत ये-जा करत आणि खाडीच्या तोंडाशी रेवस लागे. मुंबईत भाऊ अजिंक्यांनी १८४० च्या आसपास बांधलेल्या धक्क्याचं 'भाऊचा धक्का' हे नाव पुढे कायमचं कोकणी माणसाच्या तोंडी बसलं. एकाच बंदरात एकीकडे पॅरिसची फीत उतरत होती आणि दुसरीकडे पेणचं मीठ. या दोन मालांचा संबंध कसा जुळला, त्याची ही हकीकत आहे. तिच्या मधोमध जॉन वॉटसन नावाचा एक कापडवाला उभा आहे.

ड्रेपर म्हणजे आपल्याकडचा कापडवाला खरा, पण त्याचा पसारा मोठा. ठाणातून कापून कापड विकायचं, त्यासोबत फिती, लेस, मोजे, छत्र्या, टोप्या ठेवायच्या, मागच्या खोलीत शिंपी बसवायचे, आणि गिऱ्हाइकाला 'यंदा हेच चाललंय' हे सांगायचं. शेवटचं काम सर्वांत मोलाचं. कापड बाजारातही मिळे; 'यंदा' मात्र फक्त त्याच्याकडे मिळे. अशा विलायती मालाच्या दुकानाला हिंदुस्थानातले इंग्रज 'युरोप शॉप' म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'युरोप' हा शब्द विशेषण म्हणून आला आहे तो याच अर्थाने: युरोपचा माल, म्हणजे चांगला माल. अशी दुकानं केवळ गोऱ्यांची नव्हती. कोटात आणि पुढे देशभरच्या कॅम्पांत विलायती माल विकण्यात पारशी दुकानदार फार आधीपासून मुरलेले होते.

गिऱ्हाईक मात्र वाढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार-चार महिने लागत. कंपनीचा अधिकारी तरुणपणी यायचा आणि पुष्कळदा इथेच मातीला मिळायचा. बायको आणणं त्याला परवडत नसे, आणि बाईलाही तो प्रवास नको असे. १८३० च्या दशकात आगबोटी तांबड्या समुद्रात शिरल्या. अलेक्झांड्रियाला उतरायचं, इजिप्त ओलांडून सुएझला दुसरी बोट पकडायची, असा 'ओव्हरलँड' रस्ता सुरू झाला. १८५८ पर्यंत अलेक्झांड्रियापासून कैरोमार्गे सुएझपर्यंत आगगाडीही झाली. प्रवास महिना-दीड महिन्यावर आला. अधिकाऱ्यांच्या बायका, बहिणी, लग्नाच्या वयाच्या मुली येऊ लागल्या, आणि त्या मोसम पाहून येत: पावसाळा संपल्यावर, थंडीच्या तोंडाला.

थंडी हा शब्द मुंबईपुरता कौतुकाने घ्यायचा. पण नोव्हेंबर ते मार्च हाच इथल्या गोऱ्या समाजाचा मोसम होता. भायखळा क्लबातल्या मेजवान्या, गव्हर्नरचे नाच, घोड्यांच्या शर्यती, संध्याकाळी मैदानावर बँड वाजत असताना गाडीतून फेरफटका. एप्रिलमध्ये ऊन चढलं की सरकार महाबळेश्वरला; पावसाळा लागला की पुण्याला. सरकारसोबत पेटारे हलत आणि पेटाऱ्यांसोबत दुकानदाराचा हिशेब हलत असे. महाबळेश्वरला जाणारी एक वाट खाडीने नागोठण्यापर्यंत आणि पुढे महाडवरून घाट चढून जाई. म्हणजे ज्या खाडीच्या तोंडाशी रेवस आहे, तीच खाडी. लोकरी शाली आणि फलालीनचे पोशाख चैत्रातल्या उन्हात, घामाघूम हमालांच्या डोक्यावरून थंड हवेच्या गावाकडे निघालेले असत.

इकडे लंडनचा मोसम एप्रिल ते जुलै. पॅरिसचे शिवणकर वसंताचे पोशाख काढत ते तिकडच्या वसंतासाठी. त्यांची चित्रं आणि कापड बोटीने इथे पोहोचेपर्यंत मुंबईत मृगाचे ढग जमलेले. माल दुकानात ठेवावा, तर चार महिने दमट हवा: रेशमावर डाग, हातमोज्यांवर बुरशी, लोकरीत कसर. नाही ठेवावा, तर दिवाळीनंतर येणाऱ्या नव्या बाया लंडनहून ताजी फॅशन अंगावर घालूनच उतरणार आणि दुकानातला माल एका दृष्टिक्षेपात जुना ठरवणार. हलका, महाग माल म्हणून ओव्हरलँडने मागवत. जड ठाणं केपच्या वळशाने. आणि 'ओव्हरलँडने नुकतंच आलेलं' हे शब्द जाहिरातीत ठळक छापत. दुकानाची सारी कमाई या दोन कॅलेंडरांच्या फटीत होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. मग इंग्लंडने मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. त्याचं उत्तर शेअर कंपन्या काढणाऱ्यांनी शोधलं. बॅकबे भरून काढण्याच्या कंपनीचे शेअर, सट्टेबाज प्रेमचंद रायचंदचं नाव, रोज नवी बँक. काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छांनी म्हातारपणी त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्या वाचताना आजही धाप लागते. ज्या शहरात असा पैसा खेळतो तिथे रेशीम आणि लेस खपते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. साहेब, पारशी शेटिये, भाटिये, सगळ्यांच्या घरात विलायती झुंबरं आणि मखमल आली. योगायोग असा, की गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' याच धामधुमीत, १८६३ मध्ये, बाहेर पडलं.

शहर फुगलं तसा कोटाचा तट नकोसा झाला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, खंदक बुजवले गेले, आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेड मैदानावरचे भूखंड लिलावात निघाले. १८६४ च्या लिलावात त्यातला एक मोक्याचा तुकडा घेतला जॉन हडसन वॉटसनने. हा इंग्लंडच्या उत्तरेकडल्या कंबरलँडचा माणूस. कोटात त्याचं कापडाचं, रेशमाचं आणि तयार पोशाखांचं दुकान चांगलं चालत होतं. गल्लीबोळातून बाहेर पडून समुद्राकडे तोंड करून उभी राहील अशी भव्य इमारत बांधायची आणि तिच्यात आपल्या धंद्याचं दालन थाटायचं, असा त्याचा बेत होता.

वर्षभरात बाजार कोसळला. अमेरिकेतलं युद्ध एप्रिल १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव उतरले, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. वॉटसन मात्र टिकला. एवढंच नाही, त्याने इमारतीचा बेत मोठा केला. सट्ट्यात न शिरता फीत विकणाऱ्याची ही पुण्याई म्हणावी, की निव्वळ नशीब?

इमारत कशी बांधली गेली, हे या कहाणीतलं सर्वांत देखणं प्रकरण. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामावर हात बसलेला, सेंट पँक्रस स्थानकाच्या अवाढव्य छताशी नाव जोडलेला, पुढे लंडनचा अल्बर्ट पूल उभारणारा हा अभियंता. त्याने दगडी भिंतींवर उभी राहणारी इमारत काढलीच नाही. ओतीव लोखंडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या तुळया यांचा सांगाडा. भिंती फक्त मधल्या जागा भरायला. हा सांगाडा डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत ओतला, तुकडे सुटे करून जहाजात भरला आणि मुंबईत १८६७ ते १८६९ या काळात जोडला. मातीतून लोखंडाचे खांब वर चढताना पाहून लोकांना अवाढव्य पक्ष्याचा पिंजरा आठवला, आणि तशी उपमा त्या वेळी छापूनही आली.

पिंजरा हा शब्द वॉटसनच्या गिऱ्हाइकांना नवा नव्हता. १८५६ पासून युरोपात बायकांच्या घागऱ्याखाली पोलादी कड्यांचा सांगाडा आला होता. क्रिनोलीन म्हणत त्याला. त्याआधी घागरा फुगवायला एकावर एक सहा-सात परकर घालावे लागत. पोलादाच्या पट्ट्यांनी ते ओझं उतरलं. कड्या एकात एक मिटवून पेटीत ठेवता येत, आणि उघडल्या की घेर एवढा होई की दारातून आत शिरताना कसरत. मुंबईच्या दमट उन्हात सहा परकरांऐवजी एक हवेशीर पिंजरा हा खरं तर उपकारच होता. वाऱ्याने तो उलटा होई, एवढी एक भीती. पोलाद शेफील्डचं, कापड मँचेस्टरचं, रंग अनिलीनचा. अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ मध्येच कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला होता आणि त्यानंतर भडक जांभळा-गुलाबी रंग घातल्याशिवाय फॅशन पुरी होईना. सुरुवातीचे असे पुष्कळ रंग हिंदुस्थानच्या उन्हात टिकत नसत. दुकानदाराचं त्यात नुकसान नव्हतं.

तर असं, घागरा आणि दुकान, दोन्ही लोखंडाच्या सांगाड्यावर. दोन्ही इंग्लंडात बनवलेले, सुटे करून पाठवलेले, इथे जोडलेले, वरून हवं ते चढवलेले. गंमत पुढे आहे. वॉटसनचा पिंजरा एस्प्लनेडवर उभा राहत होता त्याच दोन-तीन वर्षांत पॅरिसने घागऱ्यातला पिंजरा मोडीत काढला. १८६०च्या दशकाच्या शेवटी घेर पुढून सपाट झाला, सगळा फुगारा मागे सरकला आणि 'बसल' नावाची कंबरेमागची उशी आली. इमारत अशी दर मोसमाला बदलता येत नाही.

दुसरा बदल त्याहून मोठा होता. १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझचा कालवा उघडला. लंडन-मुंबई सागरी अंतर सुमारे १९,८०० किलोमीटरवरून ११,६०० वर आलं. जड ठाणंही आता तीन-चार आठवड्यांत, बोट न बदलता. पाठोपाठ १८७० मध्ये सुएझ ते मुंबई समुद्राखालून तार आली. भाव, मागणी, 'लाल फिती संपल्या, पाठवा' हे सगळं काही तासांत. ज्या दिरंगाईवर कापडवाल्याचं महत्त्व अवलंबून होतं, ती दिरंगाईच सरकारी समारंभाने आणि तोफांच्या सलामीने निकालात निघाली.

इमारत उघडली ती १८७१ च्या फेब्रुवारीत. दुकान म्हणून नव्हे, 'वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल' म्हणून. बोटी वाढल्या म्हणजे उतारू वाढणार, आणि उतारूंना फितींआधी खोली लागणार, हा हिशेब वॉटसनने नेमका कोणत्या दिवशी केला ते महत्त्वाचं नाही. पण कापडवाल्याचं डोकं त्यात दिसतं. माल येणार तो येणारच. मग मालासोबत येणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यावेत. १३० खोल्या, वाफेवर चालणारी लिफ्ट, काचेच्या छताची नाचाची जागा, आणि खास इंग्लंडहून आणलेल्या वाढपी मुली. लोक म्हणत, वॉटसनने एवढं सगळं विलायतेहून आणलं, तेवढी हवा मात्र राहिली. जानेवारी १८९६ मध्ये इथे मार्क ट्वेन उतरला आणि कावळ्यांनी हैराण झाला. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. हॉटेल गोऱ्यांसाठी होतं. जमशेटजी टाटांना इथे दारातून परतवलं म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिला भक्कम पुरावा नाही, पण मुंबईकर ती सोडायला तयार नाहीत.

कोटातली दुकानं त्यामुळे बंद पडली असं नाही. त्यांना दुसऱ्याच माणसाने पोखरलं. तो मांडी घालून व्हरांड्यात बसलेला असे.

साहेबाच्या घरचा दर्जी किंवा शिंपी महिन्याच्या पगारावर राही. सकाळी आपली सुई-दोऱ्याची थैली घेऊन यायचा, सतरंजीवर बसायचा, पायाच्या अंगठ्यात कापड धरून टाके घालायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नसे आणि त्याची गरजही नसे. त्याच्यापुढे एक पोशाख ठेवायचा आणि 'असाच' म्हणायचं. तो शिवून देई तो टाक्याला टाका तसाच. मूळ पोशाखाला ठिगळ असेल तर नव्यालाही ठिगळ लावून देई, अशा चेष्टा मेमसाहेब पत्रांतून करत. पण याच माणसामुळे लंडनहून एक पोशाख आणायचा आणि इथे त्याच्यावरून चार करायचे, हे शक्य झालं. इंग्लंडात बीटन नावाच्या प्रकाशकाच्या मासिकासारखी बायकांची मासिकं निघत होती. त्यात पॅरिसच्या पोशाखांची रंगीत चित्रं आणि कापडावर ठेवून कापायचे कागदी नमुनेही मिळू लागले. मासिक टपालाने यायचं, कापड बाजारातून यायचं, शिवणाचं यंत्र आलेलंच होतं. दुकानदाराच्या हाती उरलं काय? लेस, बटणं, हातमोजे, बूट. जे दर्ज्याला जमत नाही ते.

फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रज गृहिणीसाठी एक जाडजूड मार्गदर्शक काढलं. स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंत सगळ्याचे सल्ले त्यात आहेत. या वर्गाची गृहिणी आता दुकानदाराच्या शब्दावर चालणारी राहिली नव्हती. काय विलायतेहून आणावं, काय इथे शिवावं, पत्र्याच्या पेटीत काय भरावं, याचा तिचा तिलाच हिशेब होता. हे ओळखलं ते लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने. १८७१ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी स्वस्त मालासाठी काढलेली ही संस्था. तिचा शेकडो पानांचा सचित्र कॅटलॉग हिंदुस्थानातल्या डाकबंगल्यापर्यंत पोहोचला: मोज्यांपासून तंबूपर्यंत, नंबर लिहा, पैसे पाठवा. १८९१ मध्ये तिने मुंबईत स्वतःचं भांडार उघडलं. काळा घोड्याजवळची तिची इमारत वॉटसनच्या हॉटेलाच्या शेजारीच.

दुसरा प्रकार व्हाइटअवे-लेडलॉचा. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या या कंपनीने मुंबईच्या हॉर्नबी रोडसकट पूर्वेकडच्या शहराशहरात मोठमोठी दुकानं मांडली. हिचं गिऱ्हाईक लाटसाहेब नव्हता. रेल्वेतला, तारखात्यातला, पलटणीतला मधल्या पगाराचा गोरा आणि अँग्लो-इंडियन. जुन्या दुकानांत साहेबाची उधारी वर्षभर चाले. इथे रोख. त्यावरून नावाची कोटी करून लोक कंपनीला 'ताबडतोब द्या, रोखीने द्या' अशा अर्थाने चिडवत. ठरलेली किंमत, चिकटवलेली चिठ्ठी, घासाघीस नाही. ही आज इतकी साधी वाटणारी गोष्ट मुंबईच्या कापडबाजाराला तेव्हा चमत्कारिकच वाटली असणार.

आता रेवसच्या बाजूला यायला हवं. या मोसमी फॅशनचा पॅरिसवाला टोकाचा भाग खाडी ओलांडून आला नाही. पण तिच्या मागे उभं असलेलं कापड आलं. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर चाळलं, की जिल्ह्याच्या व्यापाराचं चित्र समोर येतं: तांदूळ आणि मीठ बाहेर, मुंबईहून कापड आत. मांजरपाट हा शब्द मँचेस्टरवरून आला असं सांगणारे बरेच आहेत. व्युत्पत्ती पंडितांवर सोडू, पण ते कोरं, खळीचं, स्वस्त कापड घराघरात गेलं हे खरं. जगन्नाथी, छीट, साटीण, फलालीन. आणि शिवलेले कपडे: पाटलोण, जाकीट, पोलकं. पोलक्याचं नाव १८४०च्या दशकात युरोपात गाजलेल्या पोलका नाचावरून निघालेल्या जाकिटाशी जोडतात. मराठी बाईच्या चोळीशेजारी पोलकं, आणि पुढे झंपर, हे शब्द आले ते अशाच पेट्यांतून. इथल्या कापडाचा मोसमही इथलाच राहिला, लगीनसराईचा आणि दिवाळीचा. त्या मोसमाला पॅरिस लागत नव्हतं, मुंबईची बोट लागत होती.

यात एक उलटा इतिहास आहे, तो विसरण्यासारखा नाही. रेवसच्या दक्षिणेला, याच तालुक्यातल्या चौलचं रेशमी कापड सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपीय प्रवाशांच्या तोंडी होतं. इंग्रजांच्या हाती मुंबई आली तेव्हा तिथे वस्ती वाढवण्यासाठी कंपनीने ज्यांना बोलावलं, त्यांत चौलचे विणकर होते. कोटात त्यांच्यासाठी रस्ता वसवल्याची नोंद आहे. दोनशे वर्षांनंतर त्याच कोटातून ठाणं उलट दिशेने निघाली.

पोशाखाचा पेच कसा घरात शिरला ते अलिबागशीच जोडलेल्या एका मुलीच्या आयुष्यात दिसतं. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींची अलिबागला बदली झाली, तेव्हा त्यांची बायको आनंदीबाई दहा वर्षांच्या आसपासची होती; तिथे तिचा अभ्यास चालू होता. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती वैद्यक शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली. फिलाडेल्फियातल्या हिवाळ्यात नऊवारी नेसणं अवघड, आणि गाऊन चढवणं म्हणजे जात-धर्म सोडल्याचा पुरावा. तिने गुजराती धाटणीचं साधं नेसणं आणि अंगभर पोलकं असा तोडगा काढला आणि साडी सोडली नाही. १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात ती जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसोबत साडीतच बसलेली आहे. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली तीही साडीत.

कापड हा राजकारणाचा विषय या सगळ्यातून झाला. लोकहितवादींनी १८४८ पासूनच 'प्रभाकर' साप्ताहिकातल्या पत्रांतून देशी माल वापरा म्हणून बजावलं होतं. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले, तेव्हा तंबूतंबूत मखमलीची चढाओढ चालली होती. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी काढली. दोन वर्षांनी ती चालू झाली. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांत कोकणातली माणसं खाडी ओलांडून गेली, आणि जो मांजरपाट आधी विलायतेहून येई तो हळूहळू परळहून येऊ लागला. लँकेशायरचं सरकारवरचं वजन मात्र तसंच राहिलं. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींच्या हस्ते परळला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंग्याचा गिरणीकामगार बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला.

हॉर्नबी रोडचा आता दादाभाई नौरोजी रस्ता झाला आहे. व्हाइटअवे-लेडलॉच्या त्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं; ज्या दालनात मेमसाहेबांनी फिती निवडल्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांनी सुती कुर्त्यांची मापं दिली. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत टाटांच्या वेस्टसाइडचं दुकान आलं. म्हणजे तयार कपडे, चिकटवलेली किंमत आणि मोसम संपल्यावरचा सेल.

वॉटसनची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. हॉटेल बंद झाल्यावर तिच्या खोल्यांचे तुकडे करून वकिलांना आणि भाडेकरूंना दिले गेले. २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागाचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. २००६ च्या, जगभरच्या धोक्यातल्या वारसावास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडावी की वाचवावी यावर तेव्हा अभियंत्यांचं एकमत नव्हतं. भिंती ढासळल्या तिथे डर्बीत ओतलेले खांब उघडे पडले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला पिंजरा पुन्हा दिसू लागला. तिथून ईशान्येकडे भाऊच्या धक्क्यावर लगीनसराईत रेवसची लाँच सुटते, तेव्हा फळ्यांवर, बाकांखाली, पायाशी कापडाच्या दुकानांच्या पिशव्या असतात, आणि आतल्या साड्यांना पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून बाया त्या मांडीवर घेऊन बसतात.